उपकार फेडायचे की पुढे द्यायचे?



धान कापून खळ्यावर आले की आपल्या मंडळ्यांमध्ये उपकारस्तुतीच्या रविवारची चाहूल लागते. आपला बालाघाट जिल्हा तांदळाचा. इथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. उकव्याला मात्र तांदळाबरोबर आणखी एक पीक आहे, आणि ते जमिनीखालून येते. मँगनीजच्या खाणीमुळे नागपूर-भंडाऱ्याकडची कितीतरी मराठी कुटुंबे इथे आली आणि इथलीच झाली. त्यामुळे त्या रविवारी वेदीसमोर धानाच्या लोंब्या, लाल भोपळे, वालाच्या शेंगा, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी असते. आणि शेजारी खाणीच्या पगारातून बाजूला काढलेले लिफाफेही असतात. प्रार्थना होते, गीते होतात, मग वस्तूंचा लिलाव होतो. शेवटी एक यादी वाचली जाते. अमुक कुटुंब, इतके रुपये. तमुक कुटुंब, इतके रुपये.

ही यादी वाचावी की वाचू नये, यावर यंदा आमच्या भगिनींच्या सभेत बरीच चर्चा झाली. काहींना वाटते, नावे वाचल्याने इतरांना प्रोत्साहन मिळते. काहींना वाटते, ज्यांचे नाव यादीच्या तळाशी येते त्यांना त्या दिवशी मान खाली घालून बसावे लागते. दानाचा हिशोब लिहिण्याचे काम माझ्याकडे असल्याने मला माझे मत विचारले गेले. मत सांगायला दोन वाक्ये पुरली असती. पण त्यामागचे कारण मोठे आहे, म्हणून ते इथे लिहिते आहे. माझे मत असे, की दिलेल्याची यादी वाचणे आपण थांबवावे आणि तिच्या जागी मिळालेल्याची साक्ष द्यावी.

आहेराची वही

आपल्या भाषेतला ‘उपकार’ हा शब्द पाहा. रोजच्या बोलण्यात तो जड शब्द आहे. ‘मी कोणाचे उपकार घेत नाही,’ असे आपण ताठ मानेने म्हणतो. कोणी मदत केली तर ‘तुमचे उपकार कधी फेडू?’ असे विचारतो. उपकाराचे ओझे असते, त्याखाली माणूस दबतो. लग्नघरात आहेर येतो तेव्हा कोणीतरी वही घेऊन बसतो आणि नाव-रक्कम टिपून ठेवतो. पुढे त्या घरी लग्न निघाले की वही उघडायची आणि तेवढाच, जमल्यास थोडा जास्त, आहेर करायचा. व्यवहार म्हणून यात वाईट काही नाही. गरीब घरांची लग्ने या वहीवर पार पडतात.

पण हाच शब्द मंडळीत आला की त्याला ‘स्तुती’ जोडली जाते. उपकारस्तुती. जे ओझे होते ते गाणे होते. हा बदल कसा होतो? देवाने केलेले उपकार फेडता येण्यासारखे नाहीत, हे एकदा मनापासून पटले की वही मिटते. श्वास, पाऊस, लेकरे, पापांची क्षमा, ख्रिस्ताचे वधस्तंभावरचे मरण यांची परतफेड कोणत्या रकमेने करणार? फेडणे शक्यच नसेल तर दोनच गोष्टी उरतात. तोंडाने आभार मानायचे आणि हाताने पुढच्याला द्यायचे.

मला भीती वाटते ती अशी, की आपण आहेराची वही नकळत मंडळीत आणली आहे. नाव आणि रक्कम वाचली जाते तेव्हा दानाचा हिशोब चुकता होतो. दिले, ऐकले गेले, टाळ्या मिळाल्या, फिटले. प्रभूने डोंगरावरच्या उपदेशात दान देणाऱ्या आणि आपल्यापुढे कर्णा वाजवणाऱ्या लोकांविषयी हेच सांगितले आहे, की त्यांचे वेतन त्यांना मिळून चुकले (मत्तय ६:१–४). त्यांनी दान दिलेच नाही, असे प्रभू म्हणत नाही. त्यांचा सौदा तिथेच पुरा झाला, एवढेच तो सांगतो.

दहा जण आणि एक जण

लूक १७:११–१९ मधली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. दहाही बरे झाले, परत एकच आला, आणि तो शोमरोनी होता. या गोष्टीवर बहुतेक उपदेश नऊ जणांना दोष देऊन संपतात. मी त्या एकाकडे पाहण्याची विनंती करते. त्याने परत येऊन काय आणले? काहीच नाही. त्याच्याजवळ देण्यासारखे काही नसावे. गावाबाहेर राहणाऱ्या रोग्याजवळ काय असणार? तो मोठ्याने देवाचे गौरव करत आला आणि येशूच्या पायांशी पालथा पडला. येशूने त्याच्याकडून काही मागितले नाही. उठून आपल्या वाटेने जा, असे सांगून त्याला पुढे पाठवले.

आभार मानल्याने प्रभूला आनंद झाला, नऊ जण आले नाहीत याचे त्याला वाईट वाटले. म्हणजे आभाराला त्याच्या लेखी मोल आहे. पण त्या आभाराला त्याने परतफेड मानले नाही. उपकारस्तुतीच्या रविवारी आपण वेदीपाशी येतो ते या माणसासारखे यावे. हातात भोपळा असो की लिफाफा, तो आभाराची खूण आहे. देवाच्या उपकाराची किंमत चुकवायला आपण आलेलो नसतो.

गाडीतला बिननावाचा माणूस

उपकार पुढे जातो म्हणजे काय, याचे एक उदाहरण आपल्या अगदी जवळून गेलेले आहे. नागपूरहून गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव अशी रेल्वे जाते. आपण बालाघाटकर मोठ्या गाडीसाठी गोंदियालाच जातो. १८९३ मध्ये याच मार्गाने नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते. तेव्हा बालाघाटची लाईन अजून झालेली नव्हती. टिळक तेव्हा हिंदू ब्राह्मण कवी होते, नोकरीच्या निमित्ताने प्रवास करत होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. काव्याच्या गप्पा झाल्या, धर्माच्या झाल्या. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली, आणि हे वाचत राहिलात तर ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांना ते फारसे रुचले नाही, पण वाचण्याचे वचन त्यांनी दिले आणि पाळले. वाचता वाचता ते डोंगरावरच्या उपदेशापाशी आले आणि तिथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्या गृहस्थांचे नाव काय? पुढे अभ्यासकांनी तर्क केले, पण टिळकांकडून आलेल्या हकिगतीत तो माणूस बिननावाचाच राहिला. आता विचार करा. टिळकांनी या माणसाचे उपकार कसे फेडायचे? पत्र कुठे पाठवायचे? आहेराच्या वहीत कोणाचे नाव लिहायचे? फेडण्याची वाटच बंद होती. म्हणून ते सगळे पुढे वाहिले. त्यांनी शंभराहून अधिक ख्रिस्ती गीते लिहिली. ओवी-अभंगाच्या वळणाने मराठी माणसाला आपल्या प्रभूचे गाणे गाता येऊ लागले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे काम आणि पगार दोन्ही सोडले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ९ मे १९१९ रोजी ते प्रभूकडे गेले. आज उकव्याच्या एखाद्या घरात, पाळी संपवून आलेला माणूस संध्याकाळच्या प्रार्थनेत टिळकांचे गीत गातो, तेव्हा त्या बिननावाच्या गृहस्थाने दिलेले लहानसे पुस्तक अजून फळ देत असते.

त्या दिवशी डब्यात कोणी यादी केली नाही, कोणी फोटो काढला नाही. देणाऱ्याला आपल्या दानाचे पुढे काय झाले हे कळले की नाही, हे देवाला ठाऊक. पण दान वाया गेले नाही.

दुष्काळ आणि भाकर

दुसरे उदाहरण त्याच दशकातले, आणि ते तर आपल्या प्रांताच्या दुःखाशी जोडलेले आहे. १८९६–९७ च्या दुष्काळाने मध्य प्रांत होरपळून निघाला. १९०० मध्ये पुन्हा दुष्काळ. बालाघाट जिल्ह्याला या दोन्ही संकटांची मोठी झळ बसली. १९०१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ३,२६,५२१ भरली, म्हणजे दहा वर्षांत सुमारे १५ टक्के घट. आज आपण ज्या शेतांतून धानाच्या पेंढ्या आणतो, त्याच मातीत तेव्हा माणसे अन्नावाचून मेली. उपकारस्तुती करताना ही आठवण ठेवावी असे मला वाटते.

त्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या. दुष्काळी छावण्या त्यांनी पाहिल्या आणि सुमारे ३०० मुली-स्त्रियांना त्यांनी आपल्याबरोबर नेले. त्यांच्याजवळ त्या वेळी पैसा भरपूर होता असे नाही. अमेरिकेतल्या मित्रमंडळींनी शारदा सदनासाठी दहा वर्षांच्या मदतीचे जे वचन दिले होते, त्याची मुदत संपत आली होती. पुण्यात प्लेगची धास्ती असल्याने एवढ्या मुलींना शहरात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर त्यांची सोय करावी लागली. तिथेच मुक्ती उभी राहिली.

रमाबाईंनी हे का केले? त्या स्वतः दुष्काळातून आलेल्या होत्या. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात तीर्थयात्रा करत फिरणाऱ्या या कुटुंबाची उपासमार झाली. वडील, आई आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ तेवढे उरले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे वीस वर्षांनंतर दुसऱ्या दुष्काळाची बातमी कानावर आली, तेव्हा आपली जुनी भूक आठवून त्यांना घरी बसवेना. आपण वाचलो, तर आपल्याला वाचवणाऱ्याने आपल्याला कशासाठी वाचवले, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला असे त्यांच्या जीवनावरून दिसते. १९०० मध्ये गुजरातकडच्या दुष्काळातून आणखी शेकडो जणी मुक्तीत आल्या, तेव्हा आधी आलेल्या मुली त्यांची सेवा करू लागल्या होत्या. ज्यांना भाकर मिळाली होती, त्याच आता भाकरी थापत होत्या.

टिळक आणि रमाबाई या दोघांच्या गोष्टी एकच सांगतात. मिळालेल्याची आठवण जिवंत असली की हात आपोआप उघडतो. कंजूषपणा हा बहुतेक वेळा विसरभोळेपणा असतो. आपण स्वतः कष्टाने सगळे मिळवले, असे वाटू लागले की द्यायला जड जाते.

खाणीत काम करणाऱ्यांना हे चांगले कळेल. जमिनीखाली उतरणारा माणूस आपल्या एकट्याच्या बळावर वर येत नाही. आदल्या पाळीतल्या कोणीतरी छत तपासलेले असते, कोणीतरी आधार लावलेले असतात, कोणीतरी हवा खेळती ठेवलेली असते. त्यांतल्या कितीजणांची नावे आपल्याला माहीत असतात? आपण त्यांचे उपकार फेडतो ते पुढच्या पाळीसाठी आपले काम नीट करून.

दानाची किंमत कोण मोजतो?

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे लेखन एकांगी होईल. टिळकांच्या हाती पैसा आला की तो गरजवंताच्या हाती जायचा. हे वाचताना आपण भारावून जातो. पण लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे, की त्या औदार्यामागे घर चालवण्याची सगळी ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला यायची. त्यांनी ते हसत हसत लिहिले आहे. पण हसण्याखाली रिकामे डबे आहेत. लक्ष्मीबाई स्वतःही कमी उदार नव्हत्या. अनाथ, आजारी, पोरकी माणसे त्यांनी घरात घेतली. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पूर्ण केले. तेही एक देणेच.

म्हणून मंडळीतल्या भावांना माझे नम्र सांगणे आहे. मंदिरातल्या विधवेने दोन टोल्या टाकल्या (लूक २१:१–४), त्या तिच्या स्वतःच्या होत्या. आपण मोठी रक्कम जाहीर करतो तेव्हा ती कोणाच्या पोटाला चिमटा घेऊन येते, हे घरी विचारले पाहिजे. बायकोच्या औषधाचे किंवा मुलीच्या फीचे पैसे टाळ्यांसाठी देणे याला औदार्य म्हणता येणार नाही. दान घरात प्रार्थना करून, दोघांनी मिळून ठरवावे. यादी वाचली जात नसेल तर हे ठरवणे सोपे जाते, कारण शेजाऱ्याच्या रकमेशी स्पर्धा उरत नाही.

‘पण प्रोत्साहन मिळते ना?’

आमच्या सभेत एका भगिनीने चांगला मुद्दा मांडला. पवित्र शास्त्रात बर्णबाचे नाव आहे ना? त्याने शेत विकून पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवले, हे प्रेषितांची कृत्ये ४:३६–३७ मध्ये नावासहित लिहिले आहे. पौलही मासेदोनियातल्या मंडळ्यांचे उदाहरण करिंथकरांपुढे ठेवतो.

मुद्दा खरा आहे. नाव घेणे हेच पाप, असे मीही म्हणत नाही. पण दोन गोष्टी पाहा. बर्णबाचे नाव आहे, रक्कम नाही. आणि लगेच पुढच्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा यांची हकिगत आहे. त्यांनीही जमीन विकली, त्यांनीही पैसे आणले. काही भाग मागे ठेवला हा त्यांचा अपराध नव्हता. तो ठेवायला ते मोकळे होते, हे पेत्राने स्पष्ट सांगितले. बर्णबासारखे नाव तर हवे, पण बर्णबासारखे सगळे द्यायचे नाही, म्हणून ते खोटे बोलले. नावाची हाव दानात शिरली की काय होते, ते त्या मंडळीने पहिल्याच काळात पाहिले.

आणि मासेदोनियाच्या मंडळ्यांविषयी पौल काय सांगतो? त्या गरीब होत्या, संकटात होत्या, तरी त्यांनी आपण होऊन दिले. आणि पैशाआधी त्यांनी स्वतःलाच प्रभूला दिले (२ करिंथ ८:१–५). या आठव्या आणि नवव्या अध्यायांत पौल ‘खारिस’ हा एकच ग्रीक शब्द कधी देवाच्या कृपेसाठी, कधी दानाच्या कार्यासाठी आणि कधी आभारासाठी वापरतो. कृपा आली, दान झाले, आभार झाला, पण शब्द तोच. पौलाच्या मनात या तीन वेगळ्या वस्तू नसाव्यात. देवाकडून निघालेला एकच प्रवाह माणसांतून वाहत पुन्हा देवाच्या स्तुतीपर्यंत पोहोचतो.

हिशोबाबद्दल मात्र पौल काटेकोर आहे. एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी बोट दाखवू नये, म्हणून तो विश्वासू भावांना बरोबर पाठवतो (२ करिंथ ८:२०–२१). म्हणून नावे वाचू नका असे मी म्हणते, तेव्हा हिशोब झाका असे म्हणत नाही. ज्याची त्याला पावती मिळावी. एकूण किती जमले, कशावर किती खर्च झाले, शिल्लक किती, हे सर्वांसमोर वाचावे आणि फलकावर लावावे. पैशाचा हिशोब उघडा असावा, देणाऱ्याचे नाव झाकलेले असावे. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी नेमके उलटे होते; नावे संगमरवरावर कोरली जातात आणि खर्चाची वही मागितली तर लोकांना राग येतो.

घेणाऱ्याचे तोंड

याहून अवघड विषय घेणाऱ्यांचा आहे. नाताळाच्या आधी, थंडी वाढली की ठिकठिकाणी ब्लँकेटे वाटली जातात. बैहरच्या पठाराकडची थंडी ज्याने अंगावर घेतली आहे, त्याला एका ब्लँकेटची किंमत सांगायला नको. पण ब्लँकेट देताना चार जण एक टोक धरतात, म्हातारी दुसरे टोक धरते, सगळे मोबाईलकडे पाहतात, आणि संध्याकाळपर्यंत तो फोटो दहा व्हॉट्सअ‍ॅप गटांवर गेलेला असतो. त्या म्हातारीचा नातू त्याच गटात असू शकतो. तिला ऊब मिळाली, पण तिची लाज आपण वाटून टाकली.

लेवीय १९:९–१० मध्ये देवाने शेतकऱ्याला सांगितले, की शेताचे कोपरे कापू नका, पडलेली कणसे वेचू नका. ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. यात किती नाजूकपणा आहे! रूथ बवाजाच्या शेतात आली ती भीक मागायला आली नाही, वेचायला आली. तिच्या हाताला काम होते आणि मानेला ताठा होता. बवाजाने आपल्या गड्यांना पेंढ्यांतली काही कणसे मुद्दाम तिच्यासाठी टाकायला सांगितले, आणि तिला लाजवू नका असेही बजावले (रूथ २:१५–१६). दान कसे करावे, याचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

आमच्या मंडळीत कोणी आजारी पडले, कोणाचे ठेकेदारीचे काम सुटले, तर त्या घरी धान्य रात्री पोहोचते झाले पाहिजे आणि सकाळी कोणी काही बोलता कामा नये. फोटो नको.

मग आपण काय करावे?

अनुवाद २६ मध्ये प्रथमफळांच्या अर्पणाची रीत सांगितली आहे. इस्राएली माणूस टोपली घेऊन येतो, याजक ती वेदीपुढे ठेवतो. मग तो माणूस बोलतो. तो काय बोलतो, ते लक्षपूर्वक वाचा. टोपलीत काय आहे, किती आहे, याबद्दल एक शब्द नाही. आपला पूर्वज भटका होता, आपण मिसरात गुलाम होतो, आपण हाक मारली, देवाने ऐकले, बाहेर काढले, ही भूमी दिली. हे तो सांगतो. आपल्याला काय मिळाले, ते. त्यानंतर सगळे मिळून जेवतात. लेवी आणि परका यांनाही त्या आनंदात बोलावले आहे. आणि तिसऱ्या वर्षाच्या दशमांशात अनाथ आणि विधवा यांचाही वाटा सांगितला आहे.

माझी सूचना यावरूनच आहे. उपकारस्तुतीच्या रविवारी यादीला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ साक्षीला द्यावा. दोन-तीन जणांनी उभे राहून सांगावे, की या वर्षी मला काय मिळाले आणि कोणाच्या हातून मिळाले. ज्या शेजारणीने बाळंतपणात महिनाभर डबा दिला तिचे नाव तिथे जरूर घ्यावे. घेणाऱ्याने प्रेमाने घेतलेले नाव आणि देणाऱ्याने वाचून घेतलेले नाव, यांत फरक आहे.

लिलाव बंद करावा असे मला वाटत नाही. एका भोपळ्याची बोली चढत जाते तेव्हा लेकरे टाळ्या वाजवतात, सगळी मंडळी हसते. तो आनंद राहू द्या. फक्त बोली लागण्याआधी तो भोपळा कोणाच्या परसात पिकला हे विचारावे आणि त्या आजीला पुढे बोलवावे. विकत घेणाऱ्याने पैसे दिले, पण भोपळ्याला पाणी तिने घातले.

आणि शेवटची सूचना, मुठीची. मिझोराममधल्या मंडळ्यांत १९१० पासून एक रीत आहे. घरातली बाई भात शिजवायला घेताना दर वेळी एक मूठ तांदूळ बाजूला ठेवते. त्या मुठी गोळा होतात, विकल्या जातात, आणि त्यांतून सुवार्तेचे आणि सेवेचे फार मोठे काम उभे राहिले आहे. तिथे पैसा नव्हता तेव्हा हे सुरू झाले. आपणही भात खाणारी माणसे. आपल्या प्रत्येक घरात एक डबा ठेवता येईल. सकाळी एक मूठ, संध्याकाळी एक मूठ. ती मूठ कोणाची, हे एकत्र झाल्यावर कोणाला ओळखता येत नाही. चिन्नोरचा दाणा आणि रेशनच्या तांदळाचा दाणा एकाच पोत्यात जातात. ज्या घराला मंडळीकडून मदत मिळते, त्या घरालाही आपली मूठ टाकता येते, आणि ते घर केवळ घेणारे राहत नाही. तांदूळ निवडताना हात थांबतो, त्या क्षणी एक वाक्य मनात म्हणावे: प्रभू, हे तूच दिलेस. दिवसातून दोनदा असे म्हणणाऱ्या बाईला वर्षातून एकदाच्या यादीची गरज वाटणार नाही.

आमच्या सभेने अजून निर्णय केलेला नाही. वडील मंडळींचा विचार व्हायचा आहे. तुमच्याकडे काय रीत आहे, तिचा अनुभव कसा आहे, हे जरूर कळवा. निर्णय कोणताही होवो, या वर्षी मी माझ्या घरी मुठीचा डबा ठेवला आहे. तुम्हीही ठेवून पाहा.

प्रार्थना करू या: हे दयाळू पित्या, तू आम्हांला इतके दिले आहेस की मोजता येत नाही आणि फेडता येत नाही. ज्यांच्या हातून दिलेस त्यांतल्या पुष्कळांची नावेही आम्हांला ठाऊक नाहीत. ती तुला ठाऊक आहेत. त्यांना आशीर्वाद दे. आम्हांला मिळालेले विसरू देऊ नकोस. आमचे हात उघड, आणि देताना कोणाची मान खाली जाऊ देऊ नकोस. जमिनीखाली काम करणाऱ्यांना सुखरूप वर आण, शेतात राबणाऱ्यांच्या कष्टाला फळ दे, आणि आमच्या गावात एकही चूल थंड राहू देऊ नकोस. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.